चार फूट मागे

४ जानेवारी

छोट्या,

माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता सिस्टरकडून लिहून घेतलाय. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. तू गाव सोडल्यावर इथे आली. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मला काही नकोय. म्हणजे हवंय, पण माझ्यासाठी नाही.

चौक सुधारायला निधी मंजूर झालाय. तिघांची समिती नेमलीय: सिस्टर, किराणावाले काका आणि मी. दुकानदारांतले दोघं घ्यायचे होते. काका बोलतील आणि मी मान डोलवेन, असा नगरपंचायतीच्या अध्यक्षांचा हिशेब असावा.

गेल्या आठवड्यात इंजिनियरबाई आल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. गाडीतून उतरल्या त्याच गुंडाळलेला नकाशा घेऊन. मध्ये कारंजं, भोवती हिरवळ, हिरवळीला लोखंडी कुंपण आणि चौकाच्या तोंडाशी कमान. मी चष्मा लावून सगळा कागद पाहिला. खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच गावाचं नाव राहिलं होतं. बोट ठेवून दाखवलं तर बाई शांतपणे म्हणाल्या की त्यांच्याकडे चौदा गावं आहेत आणि माणूस एक. त्यांचा राग आला नाही मला. दमलेल्या दिसत होत्या.

मी विचारलं, यात बसायचं कुठे? त्यांनी हिरवळ दाखवली. मी म्हटलं, तिला तर कुंपण आहे. काका हसले. बाईंनी मात्र पेन काढून काहीतरी लिहून घेतलं.

मार्चमधल्या सभेआधी आमची सूचना द्यायची आहे. नाहीतर तोच नकाशा पास. तर छोट्या, इथे नोकरीत असताना तू चौकाचा आखलेला तो जुना नकाशा मला हवाय. कार्यालयातली प्रत वाळवीने खाल्ली. तुझ्याकडे एक असणारच, तू कागद टाकणाऱ्यातला नाहीस.

दुकान ठीक चाललंय. शिवणाच्या वर्गाला यंदा नऊ मुली आहेत. आईची खोली होती तशीच आहे.

ताई


२७ जानेवारी

छोट्या,

नकाशा मिळाला. पाकीट उलटं करून झटकलं, आत दुसरा कागद नव्हता. ठीक आहे. मीही अकरा वर्षांत कधी चार ओळी लिहिल्या नाहीत.

तीन दिवस तो कापायच्या टेबलावर पसरून ठेवला होता. त्या वेळी मी तो नीट पाहिलाच नव्हता, हे आता कळलं. पायी चालणाऱ्यांची वाट तू भिंतीलगत नेलीस, सावली कुठल्या वेळी कुठे पडते तेही बारीक अक्षरात लिहिलंस. आणि पूर्वेकडच्या सात दुकानांपुढची ती तुटक रेषा. ती तेवढी माझ्या चांगली लक्षात होती.

पण नुसता तुझा नकाशा पुढे केला तर काका म्हणतील, जुनाच माल परत आणला. म्हणून ठरवलं, आधी मापं घ्यायची. गिऱ्हाईक सांगेल ते माप मी कधीच धरत नाही, स्वतः टेप लावते. चौकाचंही तसंच केलं. वर्गातल्या नऊ मुलींना वह्या देऊन चार कोपऱ्यांत बसवलं, पाळीपाळीने, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, तीन दिवस. कोण जातं, कोण थांबतं, कोण बसतं, एवढंच लिहायचं. लोकांनी चेष्टा केली. एकाने एका मुलीला विचारलं, माझं नाव कुठल्या रकान्यात टाकलंस? ती म्हणाली, रिकामटेकड्यांच्या.

आता ऐक. तीन दिवसांत चौकात घटकाभर तरी बसले असे पुरुष सहाशेच्या वर. बायका एकोणीस. त्यातल्या सोळा बसची वाट बघत आपल्याच पिशवीवर बसलेल्या. आणि बाजाराला, दळणाला, दवाखान्यात जाणाऱ्या बायका चौकातून जातच नाहीत. नाल्याच्या कडेने वळसा घालून जातात, कारण मध्ये गाड्या उभ्या असतात आणि गाड्यांना टेकून माणसं. मी स्वतः पस्तीस वर्षं त्याच नाल्याच्या कडेने घरी जाते. का, ते कधी मनातसुद्धा आलं नाही.

सिस्टरने आणखी एक गोष्ट सांगितली. लांबून येणाऱ्या बायका दवाखान्यात येण्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण चौकात पुरुषांसाठी आडोसा आहे, बायकांसाठी काही नाही. उन्हाळ्यात दोघी-तिघी रांगेतच चक्कर येऊन पडतात. तुझ्या नकाशात बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं, छोट्या. सावल्या मोजल्यास आणि हे राहून गेलं. मी ते लाल पेन्सिलीने घातलंय.

वह्या इंजिनियरबाईंना दाखवल्या. त्यांनी उभ्या-उभ्या सगळी पानं उलटली, मग खुर्ची मागितली.

ताई


१६ फेब्रुवारी

छोट्या,

कापड अंगावर बेतायचं तर आधी कच्चा धावदोरा घालून बघतो आपण. अंगात घालून चालून-बसून पाहायचं, काचतंय तिथे उसवायचं, मगच मशीन. चौकही तसाच बेतून बघायचा असं मी समितीत मांडलं. काकांना वाटलं थट्टा करते. इंजिनियरबाई म्हणाल्या, आठ दिवस तात्पुरतं करा, मला कुणी विचारलं तर माहीत नव्हतं असं सांगेन.

रविवारी सकाळी मुलींनी आणि मी चुन्याच्या फक्कीने तुझी वाट जमिनीवर आखली. पूर्ण मापात. रंगाची रिकामी पिंपं मांडून दोरी बांधली, म्हणजे गाड्या आत येऊ नयेत. शाळेतून सहा बाकं आणली. जुन्या चादरी जोडून मी सावलीचं कापड शिवलं. फाटकं ठिगळांचं दिसत होतं, पण सावली पडत होती.

पहिल्या दिवशी बाकांवर पुरुष बसले. दुसऱ्या दिवशीही. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सिस्टरने युक्ती केली. दवाखान्याच्या रांगेतल्या बायकांना सांगितलं, इथे दाटीने उभं राहू नका, समोर बाकावर बसा, नंबर आला की मी ओरडते. चौघी आल्या. पुरुष आपसूक उठले. पाचव्या दिवशी संध्याकाळी किराणावाल्या काकू खाली उतरल्या. तीस वर्षं त्या दुकानावरच्या माडीत राहतात. बाकावर टोकाला बसल्या, पदराशी चाळा करत, दहा मिनिटं. आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी पिंपं हलवून दोरी तोडली. त्यांचा मालाचा ट्रक वळेना. मी भांडायला गेले, पण खरं सांगते, ट्रक वळत नव्हता हे खरंच होतं. त्यांचं एवढंच म्हणणं, की माल उतरला नाही तर दुकान कसं चालवू. मी फक्त दोरी परत बांधली. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सभेत बघू. सगळ्यांना सगळं आठवतं."

ते काय म्हणत होते ते मला कळलं. तुलाही कळेल.

आता एक सांगायचंय. कार्यालयातली प्रत वाळवीने खाल्लेली नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सभेनंतर ती गुंडाळी तशीच पडून होती, ती मी घरी आणली. कागद जाड होता, चांगला होता. मी त्याचे साचे कापले. कॉलरचे, बाहीचे, खिशाचे. अकरा वर्षं गावातले शर्ट मी तुझ्या नकाशावर बेतत आलेय. परवा बाहीचा साचा उचलला तर मागच्या बाजूला तुझी दवाखान्याची भिंत होती. हे न सांगता तुझी प्रत वापरणं मला जमेना.

ताई


८ मार्च

छोट्या,

उद्या सभा आहे. तिथे मी जे बोलणार आहे ते तुला आधी कळायला हवं, दुसऱ्याच्या तोंडून नको.

आज गवंडी बोलावून दुकानापुढचा भाग पाडला. तुझ्या तुटक रेषेपर्यंत, चार फूट मागे. फळ्या, पायरी, पत्रा, सगळं. माप घ्यायची आतली जागा गेली. दुसरं मशीन वर्गाला देऊन टाकलं, कारण ते ठेवायला जागा उरली नाही. गवंड्याने दोनदा विचारलं, नक्की ना? इतर सहा दुकानांतले लोक बाहेर येऊन बघत होते. ती जागा कधीच माझी नव्हती. आपल्या बाबांनी एका उन्हाळ्यात दोन फूट पुढे घेतली, मी नंतर दोन फूट घेतली, आणि दोघांनाही कुणी हटकलं नाही, एवढंच.

आई गेली तेव्हा तू आलास, दाराशी उभा राहून एकच प्रश्न विचारलास, की आईचं चालणं कधी बंद झालं. मी म्हटलं, गुडघे गेले. तू मान हलवलीस आणि निघालास.

आईचे गुडघे चांगले होते. डॉक्टर शेवटपर्यंत तेच सांगत होते.

तू गेल्यावर वर्षाच्या आत चौकातल्या झाडाभोवतीचा कट्टा तोडला. गाड्या लावायला जागा हवी होती, दुकानदारांनी अर्ज दिला. त्यावर माझी सही आहे, तिसरी. आई रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर बसायची, तुला माहीत आहे. कट्टा गेल्यावरही ती दोन-तीनदा गेली. उभी राहिली. एकदा मोटारसायकलचा हँडल लागून हात खरचटला. मग ती माझ्या दुकानात येऊन बसायला लागली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. आठ-दहा दिवस मी सोसलं. एक दिवस म्हटलं, "आई, गिऱ्हाईक आत यायला अवघडतं. तू घरी बस ना."

ती उठली आणि घरी गेली. रागावली नाही. त्यानंतर पाच वर्षं मागच्या खोलीत खिडकीशी बसली. तिथून नाला दिसतो. चालायची सवय गेली, मग ताकद गेली. गुडघे हा शब्द मीच शोधून काढला, शेजाऱ्यांसाठी. मग तुझ्यासाठीही तोच वापरला.

तू त्या सभेत कट्टा वाढवायचं म्हणत होतास. वाढवायचं. आणि मी उभी राहून म्हटलं होतं की याला बहिणीच्या पोटावर पाय देऊन स्वतःचं नाव करायचंय. सगळे हसले. तू नकाशा गुंडाळलास. पंधरा दिवसांत बदली घेतलीस.

हे वाचून तुला काय वाटेल याचा अंदाज मी बांधत नाही. उद्याच्या सभेला मी जाणार आहे, एवढं नक्की.

ताई


११ मार्च

छोट्या,

सभा चार तास चालली. शाळेचा हॉल भरला होता, मागे बायका उभ्या होत्या. इतक्या बायका मी सभेत कधी पाहिल्या नाहीत. सिस्टरने दवाखाना तासभर बंद ठेवला आणि तसा फलक लावला, चौकाच्या कामासाठी म्हणून.

इंजिनियरबाईंनी नवा नकाशा दाखवला. तुझी वाट, सहा बाकं, झाडाभोवती कट्टा, दवाखान्याला उतार, बायकांचं स्वच्छतागृह. आकडे त्यांनी वहीतलेच वाचले. एकोणीस म्हटल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली.

मग काका उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी हाच नकाशा आला होता. आणणारा हिचा सख्खा भाऊ. तो कुणी उडवला? हिनेच. आता तिला पुळका आलाय, तर आम्ही दुकानं मागे घ्यायची?"

मी उठले. टेबलाला धरून उभी राहिले. म्हटलं, काका खरं बोलतायत. मी उडवला आणि चुकीचं केलं. माझ्या भावाबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं आणि ते तेव्हाही मला माहीत होतं. मग आईचं सांगितलं. कट्ट्याचं, सहीचं, स्टुलाचं. आदल्या दिवशी तुला लिहिलं तेवढंच, त्याहून कमी नाही. कुणी हसलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं, "आपल्या घरात मागच्या खोलीत कोण बसलंय ते प्रत्येकाने घरी जाऊन बघा. माझं दुकान कालच मागे घेतलंय. आता तुमचं तुम्ही ठरवा."

मग काकांनी ट्रकचं काढलं. ट्रक कसा वळणार, हे कुणी सांगा. ते थट्टेने विचारत नव्हते. इंजिनियरबाई नकाशा बघत राहिल्या. तेवढ्यात मागून काकू बोलल्या. त्यांचा आवाज मी सभेत पहिल्यांदा ऐकला.

"ट्रक सकाळी आठच्या आत बोलवा. तेव्हा चौकात कोण नसतं. तुम्ही उठत नाही म्हणून तो दहाला येतो. मी किल्ली घेऊन खाली येईन."

काका खाली बसले. नंतर कळलं, तेव्हापासून घरी अबोला आहे.

सगळं काही मिळालं नाही. बसथांबा हलला नाही, आहे तिथेच राहणार. अध्यक्षांनी कमान सोडली नाही, त्यांना तिच्यावर नाव हवंय. स्वच्छतागृह कुठे, यावर दीड तास वाद झाला, कारण ते हवं सगळ्यांना पण आपल्या दारासमोर कुणालाच नको. शेवटी दवाखान्याच्या आवारात जागा दिली सिस्टरने, म्हणाली माझ्या खिडकीसमोर असू दे. कारंजं रद्द. दुकानं मागे घ्यायला माझ्यासकट पाच जणांनी होकार दिला. काका आणि त्यांच्या शेजारचा, दोघं विचार करतो म्हणाले.

हात वर झाले ते मी मोजले नाहीत. इंजिनियरबाईंनी मोजले. पुरले.

ताई


९ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. पाच ओळी उताराच्या. दवाखान्याचा उतार फार उभा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, आम्ही सात धरलीय, चाकांच्या खुर्चीवरचा माणूस मागे घसरेल. बरोबर आहे. बाईंना दाखवलं, त्यांनी कपाळाला हात लावला आणि बदल केला.

सहावी ओळ मी बऱ्याचदा वाचली. आईला मीही कधी घेऊन गेलो नाही, असं लिहिलंस. त्याबद्दल मी वाद घालणार नाही. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. दोन्ही एकत्र करून अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं नाही.

मात्र पाठीमागे पेन्सिलीने तू दवाखान्यासमोरचं बाक उत्तरेला सरकवायला सांगितलंस ते मला मान्य नाही. ऊन कमी लागेल हे खरं. पण तिथून दवाखान्याचं दार दिसत नाही आणि सिस्टरची हाक ऐकू येत नाही. मग बायका परत रांगेत उभ्या राहतील. सावली मी वेगळी करेन, बाक हलणार नाही.

आता अडचण. कंत्राटदार दुकानांपुढची रेषा आखायला आला आणि सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. तुझ्या नकाशात 'खुंटी एक' लिहिलंय. ती मोजणीची खुंटी रस्ता उंच केला तेव्हा गाडली गेली असणार. माझ्या दुकानाचं मी अंदाजाने पाडलं. पण काका म्हणतात, अंदाजाने मी माझी भिंत पाडणार नाही, ज्याने आखलं त्याला बोलवा. त्यांनी हे मला टाळायला म्हटलं की मनापासून, सांगता येत नाही. तरी मी शब्द धरला.

पत्रातून कळवलंस तरी काम भागेल. आलास तर जास्त बरं. घरी उतरायचं नसेल तर सिस्टरकडे एक खोली रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय.

ताई


२ जून

छोट्या,

तू परत पोचल्याची चिठ्ठी मिळाली.

तू दवाखान्याच्या कोपऱ्यापासून पावलं टाकत आलास आणि इथे खणा म्हणालास, तेव्हा मजुरांइतकाच माझाही विश्वास नव्हता. हातभर खाली लागली खुंटी. टेपचं दुसरं टोक काकांनी आपणहून धरलं, ते मी दुकानातून बघितलं. तुम्ही दोघं काय बोललात ते मी विचारलं नाही आणि तूही सांगू नकोस. तू गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी पुढची भिंत काढली. मी साडेतीन इंच जास्तच मागे घेतलंय असं निघालं. ते मी परत पुढे घेणार नाही.

बाकाच्या जागेवरून तू भर चौकात माझ्याशी भांडलास. अर्धं गाव ऐकत होतं. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. बाक तिथेच बसवलंय, मात्र.

आईच्या खोलीत तू एकटा बराच वेळ बसलास. बाहेर आल्यावर म्हणालास, खिडकी उघडत जा. उघडतेय.

वाटेची फरशी अर्धी झालीय. कट्ट्याचा पाया भरला. स्वच्छतागृहाला दार लागलं पण पाणी अजून आलेलं नाही, त्यासाठी सिस्टर आणि मी रोज कार्यालयात जाऊन बसतो. कारकून आम्हाला बघून उठून जातो. मग आम्ही त्याच्या खुर्चीसमोरच बसतो. येईल पाणी. कमान उभी राहिली, हिरव्या रंगाची, बघवत नाही.

काल संध्याकाळी दुकान बंद केलं आणि नाल्याच्या कडेने न जाता चौकातून निघाले. दवाखान्यासमोरचं बाक रिकामं होतं. वाटलं, मुलींच्या वह्या भरल्या, सभा केली, दगड मोजून घेतले, पण मी स्वतः इथे कधी बसलेच नाही. काम नसताना तर नाहीच. बसले. हाताला काहीच नव्हतं, सुई नाही, वही नाही. दोन-तीन मिनिटं फार अवघडल्यासारखं झालं. सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटत होतं. बघत कुणीच नव्हतं.

मग काकू आल्या. समोर उभ्या राहून म्हणाल्या, "सरका जरा."

मी सरकले.

ताई